मिसळणाच्या डब्यातली तापी

एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेतल्या मोठ्या सरांनी माझा मित्र हिरालाल याला फसवलं. त्याने सात वर्षं तापीच्या पाण्यावर केलेलं काम त्यांनी आपल्या नावाने छापलं आणि त्याचं नाव वगळलं. हे मी सुरुवातीलाच सांगतो. मासळीच्या लिलावात टोपली आधी उलटी करून दाखवायची आणि बोली मागाहून लावायची, अशी माझी सवय आहे. हिरालालला जाऊन पाच आठवडे झाले. त्याच्या चार आठवणी लिहा, असं मला सांगण्यात आलं. लिहितो. पण वाचणाऱ्याने टोपलीत काय आहे ते विसरू नये.

बातमी आली तेव्हा मी नवापूरकडे, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर होतो. सकाळचे आठ वाजले असतील. होड्या लागल्या होत्या. कटला मासा चांगला मोठा होता आणि मी नेहमीप्रमाणे त्याला लहान म्हणत होतो. तेवढ्यात रमिलाचा फोन आला. ही हिरालालची विद्यार्थिनी, नवापूरच्याच डोंगरातली, आता त्याच्याच कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, "काका, सर पाणी गाळत बसले होते... बसल्या जागी मान टाकली. दवाखान्यात नेलं, पण काही उरलं नव्हतं." होडीवाला माझ्या उत्तराची वाट पाहत होता. मी त्याने सांगितलेला भाव कबूल केला आणि गाडीकडे निघालो. "शेठ, बरं नाही का तुम्हाला?" तो मागून ओरडला. त्याला तसं वाटणारच. तीस वर्षांच्या धंद्यात मी पहिला भाव कधी कबूल केला नव्हता.

आमची ओळख प्रकाशा गावच्या शाळेतली. तो तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा. घरी केळी, ऊस, आणि स्वयंपाकघरात कांदासुद्धा विचारून आत यायचा. मी मासे धरणाऱ्याचा. अंगाला वास येतो म्हणून माझ्या बाकावर कोणी बसत नसे. हिरालाल बसला आणि पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "भगा, तुम्हना मासा काय खातस?" मी म्हटलं, "चिखल." तो म्हणाला, "मंग चिखलमा काय ऱ्हास?" चिखलात काय असतं, हा प्रश्न त्याने पुढे चाळीस वर्षं सोडला नाही. माझा बाप आम्हा दोघांना होडीत घालून नदीवर न्यायचा. नकाशात नसलेली नावं बापाच्या तोंडात होती: म्हशीउतार, भोवरा, आंधळा डोह, अशी सात ठिकाणं, प्रत्येकाचा तळ वेगळा आणि मासा वेगळा. हिरालाल ती वहीत लिहून घ्यायचा. मी हसायचो. नदीची नावं लिहून ठेवतो, याला ती उद्या पळून जाईल असं वाटतं का?

नववीत मी शाळा सोडली. एसटीच्या वाहकाने माझी टोपली खाली उतरवली की मी ती डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत चालत जायचो. आज नंदुरबारला माझा बर्फाचा कारखाना आहे आणि प्रकाशाला मासळीचं दुकान. यातलं काहीही मला कोणी दिलेलं नाही. जे मिळालं ते बोलून, भांडून, समोरच्याला घाम आणून मिळवलं. हिरालाल शिकत गेला, मोठ्या शहरांत राहून आला आणि शेवटी तालुक्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला परत आला. "तिकडे नोकरी मिळत होती ना?" मी विचारलं. म्हणाला, "तिकडे तापी नही शे."

त्याचं काम मला समजायला वेळ लागला, पण समजलं ते पक्कं समजलं. पूर्वी पाण्यातले जंतू मोजायचे तर त्यांना काचेच्या ताटलीत खाऊ घालून वाढवायचे, आणि वाढतील तेवढे मोजायचे. हिरालाल म्हणायचा, "भगा, पंगतमा जे येतस त्यासनीच गिनती व्हस. जे येत नहीत त्या बी गावमा ऱ्हातसच ना?" पाण्यातले बहुतेक जीव ताटलीत जेवायला येतच नाहीत. त्यांना मोजायचं तर त्यांच्या दारात जायला हवं. प्रत्येक जंतूत एक जनुक असतं, सगळ्यांत बरंचसं सारखं आणि तरी ज्याच्या त्याच्यात जरा वेगळं, घराच्या दारावरच्या पाटीसारखं. पाणी अगदी बारीक गाळणकागदातून पंपाने ओढायचं, कागदावर जे अडकेल त्यातून डीएनए काढायचा आणि सगळ्या पाट्या एकदम वाचायच्या. कोण राहतं, कोण नवीन आलं, कोण गाव सोडून गेलं, सगळं कळतं. दर अमावस्येला तो पहाटे सात ठिकाणांहून सात बाटल्या भरायचा. एकदा घाटावर अंघोळीला आलेल्या एका म्हातारीने त्याला हटकलं. "काय भरी ऱ्हायना रे भाऊ, तीर्थ?"

"पाणी भरी ऱ्हायनू, माय. यामा कितला जीव शेतस ते दखनं शे."

"कितला शेतस?"

"आपला जिल्हामा जितला माणसं शेतस, त्यासना पेक्षा जास्ती. या एक बाटलीमा."

म्हातारीने हातातल्या तांब्याकडे पाहिलं, तीर्थ म्हणून घरी न्यायला भरलेलं पाणी हळूच नदीत ओतलं आणि म्हणाली, "मंग ऱ्हाऊ दे त्यासले त्यासना घर." ही गोष्ट हिरालाल प्रत्येक नव्या वर्गाला सांगायचा. त्याच्या मते त्याला भेटलेली सर्वांत चांगली परीक्षक तीच.

पण व्यवहार म्हटला की हा माणूस लहान मूल. पाणी ओढायला पंप हवा होता म्हणून आम्ही सुरतेच्या जुन्या बाजारात गेलो. मी पंपाला नावं ठेवत होतो, गंजलाय, आवाज करतो, न्यायचा तरी कशाला... आणि हा दुकानदारासमोरच म्हणाला, "अरे वा, अगदी असाच मी दोन वर्षं शोधत होतो!" दुकानदाराने लगेच पंप फडक्याने पुसायला घेतला. बाहेर आल्यावर मी त्याला भर रस्त्यात शिव्या घातल्या. त्या दिवशी ठरलं: बोलणी मी करायची, आणि मी टेबलाखालून गुडघा दाबला की हिरालालने तोंड बंद ठेवायचं. पुढे ही खूण इतकी अंगवळणी पडली की त्याच्या धाकट्या भावाच्या लग्नाच्या याद्यांतही मी त्याचा गुडघा दाबला होता.

कॉलेजातली वीज जायची आणि फ्रीजमधले नमुने वितळायचे. माझ्या प्रकाशाच्या दुकानातल्या फ्रीजरला जनरेटर आहे. म्हणून हिरालाल नमुने घेऊन माझ्याकडे आला, आणि कशात घेऊन आला, तर आईच्या मिसळणाच्या डब्यात. सात वाट्या, सात ठिकाणं. मोहरीच्या वाटीत म्हशीउतार, हळदीच्या वाटीत आंधळा डोह. बोटाच्या पेरापेक्षा लहान नळ्या, प्रत्येकीत घडी केलेला गाळणकागद. डबा फ्रीजरमध्ये, रावस आणि कोळंबीच्या शेजारी. त्याच्या आईला हे कळलं तेव्हा ती माउली म्हणाली, "डबा परत घरात आणलास तर तुझीही चूल बाहेर मांडीन." त्यानंतर माझ्याकडून घरी जाताना तो अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचा आणि आई दारात उभी राहून बघायची. मी त्याला धंद्यातलं एकच शिकवलं: माल जाऊ दे, पण त्यातला मूठभर आपल्याकडे राखून ठेव, म्हणजे उद्या कोणी 'हा तुमचा नव्हेच' म्हणालं तर समोर ठेवता येतो. त्याला ते पटलं. तेव्हापासून तो प्रत्येक कागद कात्रीने मधोमध कापायचा. अर्धा तपासणीला, अर्धा माझ्या फ्रीजरमध्ये.

या कामाचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना मी एका उन्हाळ्याची गोष्ट सांगतो. पाणी आटलं, हिरवं झालं, आणि एका सकाळी आंधळ्या डोहात मासे पोट वर करून तरंगायला लागले. दुपारपर्यंत गावात पक्कं झालं की मासे धरणाऱ्यांनी विष टाकलं. माझे चुलतभाऊच ते. त्यांची जाळी काठावर आणून टाकली, नदीवर उतरायला बंदी. मी भांडायला निघालो, कुऱ्हाड गाडीत होती, खोटं कशाला सांगू. हिरालालने गाडीची किल्ली काढून घेतली. "थांब. मन्हाकडे पाणी शे." मागच्या सगळ्या महिन्यांचं पाणी त्याच्याकडे होतं. पदरमोड करून त्याने नमुने बाहेरून वाचून आणले. वेळ लागला, माझे भाऊ तोवर वीटभट्टीवर कामाला गेले. पण तपासणीचे कागद आले तेव्हा ग्रामसभेत तो उभा राहिला आणि त्याने दाखवलं, की पाण्यावर हिरवी साय धरणारे जंतू मासे मरण्याच्या कितीतरी आधीपासून महिन्यामागून महिना वाढत होते, आणि त्यांच्यात विष तयार करणारं जनुकही होतं. साय दाटली की पहाटे पाण्यात श्वासापुरती हवा उरत नाही. एकाने विचारलं, "म्हणजे विष कोणी टाकलंच नाही, असं छातीठोक सांगता?" हिरालाल म्हणाला, "ते माझ्या कागदात नाही. पण मासे मारायला विषाची गरज नव्हती, एवढं कागदात आहे." मी त्याच्या जागी असतो तर 'छातीठोक सांगतो' म्हणालो असतो. त्याने जेवढं होतं तेवढंच सांगितलं, आणि लोकांनी तेवढ्यावरच विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी जाळी पाण्यात होती.

हे ऐकून मोठे सर आले. गाडीतून उतरले, घाटावर फोटो काढले, माझ्या दुकानामागच्या खोलीत चहा घेतला. हिरालालच्या वह्या चाळताना त्यांचा चेहरा मी पाहत होतो. माल आवडलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा मला कळतो. हिरालालने सगळं तसंच देऊन टाकलं असतं. मी म्हटलं, "थांबा साहेब. अर्धे नमुने आणि वह्या न्यायच्या असतील तर कॉलेजला काय?" त्यांनी विचारलं, "आपल्याला काय हवं?" मी मागितलं पीसीआर यंत्र, जनुकाच्या प्रती काढणारं, करोनापासून सगळ्यांना नावाने माहीत झालेलं. शिवाय लागणारी रसायनं, आणि त्यांच्या संस्थेत एका विद्यार्थ्याचं पूर्ण शिक्षण. हिरालाल खुर्चीत पुढे सरकला. म्हणाला, "सर, आणखी एक. लेख लिहिला जाईल तेव्हा नावाचं..."

मी त्याचा गुडघा दाबला.

मला वाटलं, हा आता 'नको, नको, एवढं कशाला' म्हणणार आणि यंत्र घालवणार. तो गप्प झाला. मोठे सर म्हणाले, "ठीक आहे, देऊ." लगेच म्हणाले, काहीही कमी न करता. मी खूश. आज सांगतो, तिथेच मला कळायला हवं होतं. जो घेणारा पहिल्या शब्दाला हो म्हणतो, त्याला जे हवं असतं त्याचा भाव आपण लावलेलाच नसतो. आयुष्यभर हे मी दुसऱ्यांना शिकवलं.

यंत्र आलं. ठरलेल्या जागेवर रमिला शिकून आली. दोन वर्षांनी तिनेच इंटरनेटवर तो लेख शोधला आणि छापून माझ्या दुकानात आणला. वर मोठ्या सरांचं नाव, खाली त्यांच्या सात-आठ जणांची. हिरालालचं कुठेच नाही. शेवटी बारीक अक्षरात इंग्रजीत एक ओळ, रमिलाने अर्थ सांगितला: नमुने स्थानिक मदतीने गोळा केले. हिरालाल फ्रीजरला टेकून उभा होता. त्याने बोट लावून सगळे तक्ते पाहिले. माझा पारा चढला होता, पण तो म्हणाला, "आकडा बरोबर शेतस." मग एका ठिकाणी थांबला आणि हसला. "भगा, हाई दख. आंधळा डोह बी शे यामा. तुन्हा बापना डोह." खरंच होता. नाव काढलं, पण ठिकाणांची आद्याक्षरं त्यांनी हिरालालच्या वहीतून जशीच्या तशी उचलली होती. म्हशीउतार, भोवरा, सगळी सातही. ती अक्षरं कशाची, हे त्या लेखाच्या लेखकांपैकी एकालाही सांगता येणार नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या पाण्यातल्या जीवांची नावं त्या लेखात ओळीने होती. ती ज्याने वाचून दाखवली, तो तेवढा नव्हता.

मी मोठ्या सरांना फोन लावला. "मी भगवान, प्रकाशाहून. हिरालाल सरांचं नाव कुठे गेलं?"

"तुम्ही कोण त्यांचे?"

"मी त्यांचा दलाल."

पलीकडून अगदी गोड आवाजात: "मग तुम्हाला आठवत असेल. ठरलं तेवढं सगळं पोचलं ना? तुम्हीच मागितलं होतं. नावाचं काही ठरलं नव्हतं."

मी फोन भिंतीवर मारला. त्याचा उपयोग नव्हता, दोष अर्धा माझा होता. मी पत्र लिहायला निघालो, हिरालालने अडवलं. म्हणाला, रमिलाला पुढे त्याच लोकांत वावरायचं आहे, तिची वाट बंद होईल. "जीव मोजाई गयात ना? मंग झायं." मोजणी झाली, बस. गुडघ्याचा विषय त्याने कधी काढला नाही. मीच काढला, गेल्या दिवाळीत. त्याला म्हटलं, तेव्हा तुझं तोंड मी बंद केलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुन्हा हात गुडघावर नसता तरी मी अर्धंच बोलतू." म्हणजे मी अडवलं नसतं तरी तो अर्धवटच बोलला असता. मला सोडवायला बोलला. मी सुटलो नाही.

मला वाटायचं, त्याला खरंच काही वाटलं नाही. देवमाणूस, चीड येत नसेल. मग तेराव्यानंतर रमिला आणि मी फ्रीजर उघडला. डबा बाहेर काढला, झाकणावरचं बर्फ पुसलं. जुन्या नळ्या पिशव्यांत होत्या, वर्षाप्रमाणे. त्यांच्यावर फक्त ठिकाणाची अक्षरं आणि महिना. पण लेख आला त्या महिन्यापासूनच्या नळ्या रमिलाने एकेक करून उजेडात धरल्या आणि माझ्यापुढे केल्या. प्रत्येक नळीवर ठिकाण, महिना, आणि खाली अगदी बारीक अक्षरात पूर्ण नाव. हिरालाल. एवढ्याशा नळीवर, चष्म्यावर चष्मा लावून लिहिलं असणार. दर अमावस्येला सात वेळा. मला काही बोलला नाही, बायकोला काही बोलला नाही, पण आपलं नाव लिहीत राहिला... जिथून कोणी काढू शकणार नाही अशा ठिकाणी.

हळदीच्या वाटीत सर्वांत वर शेवटची नळी आहे. त्या सकाळी नाव त्याने आधीच लिहून ठेवलं होतं, पाणी मात्र अर्धंच गाळून झालं होतं. त्याला दवाखान्यातून घरी नेल्यावर रमिला प्रयोगशाळेत परत गेली, बाटलीतलं उरलेलं पाणी तिने गाळलं, कागद कात्रीने मधोमध कापला आणि अर्धा त्याच्या नळीत घातला. "सरांची अमावस्या चुकायला नको होती," एवढंच म्हणाली. मागच्या अमावस्येला सातही ठिकाणांवर ती गेली, होडी माझ्या चुलतभावाने चालवली. काम थांबलेलं नाही आणि थांबणार नाही. जनरेटरला डिझेल मी घालतो. त्याच्या आईने निरोप पाठवलाय, डबा तिकडेच राहू द्या. आता ती तो परत मागत नाही, आणि मी दिलाही नसता.

रमिला सांगते, छापलेल्या लेखात नाव मागाहून घालता येतं, गेलेल्या माणसाचंसुद्धा. तिच्या वाटेची काळजी हिरालालला होती. मी तिलाच विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिहा, काका. माझं नावही लिहा." म्हणून लिहिलं आहे.

मोठे सर, माझ्या हातून जे झालं ते मी वर कबूल केलं आहे, सगळ्यांसमोर. आता तुमची पाळी. तुमच्याकडचे अर्धे कागद रसायनात विरघळून गेले असतील. त्यांचे दुसरे अर्धे माझ्याकडे शाबूत आहेत, आणि त्यांच्यातल्या पाट्या वाचायला माणूसही आहे, तुमच्याच संस्थेत शिकलेला. तुमच्या लेखात आंधळा डोह आहे. प्रकाशाला या. मी होडी काढतो, तुम्ही पुढे बसा आणि मला हाताने दाखवा, तो कुठे आहे. दाखवता येत नसेल तर तो तुम्हाला कोणी दाखवला, त्याचं नाव तिथेच लिहा जिथून ते काढलंत. यातलं एकही करायचं नसेल, तर ते का काढलंत, तेवढं त्याच्या आईला येऊन सांगा. ती दारातच उभी असते.